पहारा देणाऱ्या प्रोग्रामची परीक्षा कोण घेणार?

वाचकाचं पत्र: "मी बडोद्यात दांडिया बाजाराजवळ राहते, एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. त्याआधी बरीच वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करत होते. पीएच.डी.ला नाव नोंदवून दोन वर्षं होत आली. गाइड सरांनी विषय दिला आहे: डीप लर्निंग (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) वापरून नेटवर्कवरचे हल्ले ओळखणं. एनएसएल-केडीडी या नेटवर्कवरच्या नोंदींच्या डेटासेटवर माझं मॉडेल ९९.६ टक्के अचूक येतं. पेपर पाठवला तर 'डेटा जुना, नवीन काही नाही' असा शेरा घेऊन परत आला. सर म्हणतात, दुसरं मॉडेल लावून ९९.८ करून पाहू. ओळखीतले एक जण म्हणतात, पैसे भरा, आठवड्यात छापून येईल. घरी सासूबाई आणि हे दोघंही म्हणतात, एकदाची पदवी पदरात पाडून घे, मग हवं ते कर. मला खरी गोडी टेस्टिंगची होती आणि ती सगळी वर्षं फुकट गेल्यासारखं वाटतं. विषय बदलू का? आणखी एक विचारायचं आहे. आमच्या कॉलेजच्या ईआरपीत (कॉलेजचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पानाच्या पत्त्यातला एक नंबर बदलला की दुसऱ्याच विद्यार्थ्याची मार्कशीट उघडते, असं माझ्या लक्षात आलं. हे प्रबंधात घालता येईल का?"

नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यावर याच आठवड्यात काही करायला हवं. ईआरपीतला तो नंबर आता पुन्हा बदलून बघू नका. अजून किती मुलांच्या मार्कशीट उघडतात ते मोजू नका, स्क्रीनशॉट साठवू नका, स्टाफरूममध्ये कुणाला करून दाखवू नका. प्राचार्यांना आणि ईआरपी सांभाळणाऱ्यांना लेखी कळवा: कोणत्या पानावर, कोणत्या दिवशी, काय दिसलं, आणि दिसताक्षणी तुम्ही थांबलात. पोच घ्या. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरणं, तिथला डेटा काढणं हे आयटी कायद्याच्या कलम ४३मध्ये येतं. तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमचा हेतू स्वच्छ आहे, पण तो कुणापुढे सिद्ध करत बसायची वेळ येऊ नये. कॉलेजने लक्षच घातलं नाही, तर असे दोष सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेला कळवता येतात. प्रबंधात त्या मार्कशीटचा उल्लेखही नको. वर्गात शिकवण्यासाठी मात्र हा दोष फार चांगला आहे. लॉगिन केलेल्या माणसाला नेमकं काय पाहायचा हक्क आहे हेच प्रोग्रामने न तपासणं, ही चूक ओवास्प या संस्थेच्या, वेब प्रोग्राममधल्या मोठ्या धोक्यांच्या २०२१च्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे. लॅबमध्ये खोट्या नावांची छोटी ईआरपी उभारा आणि मुलांनाच ती चूक शोधू द्या.

ते पान रोज शेकडो लोक उघडत असतील. नंबर बदलला तर काय होईल, हा विचार तुम्हाला सुचला. तुमची टेस्टिंगची वर्षं फुकट गेली असं मला अजिबात वाटत नाही, आणि पुढे जे सांगणार आहे ते सगळं त्याच्याच आधारावर.

आता त्या ९९.६ टक्क्यांकडे येऊ. पेपर तपासणारा रीव्ह्यूअर बोलला ते कडू लागलं असेल, पण त्याचं बरोबर आहे. एनएसएल-केडीडी हा २००९ साली साफसूफ केलेला संच. त्याचं मूळ केडीडी कप ९९ या स्पर्धेच्या संचात, आणि त्याचंही मूळ १९९८मध्ये. त्या वर्षी एमआयटीच्या लिंकन लॅबने अमेरिकी हवाई दलाच्या तळासारखं एक नेटवर्क कृत्रिमरीत्या चालवून पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे छोटे तुकडे) जमवली होती. मूळ संचातल्या शिकवणीच्या नोंदींपैकी सुमारे ७८ टक्के नोंदी दुसऱ्या नोंदींच्या हुबेहूब नकला होत्या. २००९मध्ये त्या काढल्या, हे चांगलंच झालं. पण नकला काढल्या म्हणून १९९८चं नेटवर्क आजचं होत नाही. त्या काळी बहुतेक वाहतूक उघडी असायची, आज ती बहुतांशी एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असते. तुमचं मॉडेल जे हल्ले ओळखायला शिकलं, त्यातले कित्येक आज कुणी करतही नाही.

त्याहून मोठी अडचण प्रमाणाची आहे. एनएसएल-केडीडीत जवळजवळ निम्म्या नोंदी हल्ल्यांच्या आहेत. खऱ्या नेटवर्कवर असं कधीच नसतं. समजा एखाद्या कंपनीत दिवसाला दहा लाख कनेक्शन होतात आणि त्यांतली दहाच हल्ल्याची आहेत. तुमचं मॉडेल ती दहाही पकडतं असं धरू. निर्दोष कनेक्शनवर ते फक्त अर्धा टक्का वेळा चुकून घंटा वाजवतं. तरीही दिवसाला सुमारे पाच हजार खोट्या घंटा वाजणार, आणि त्यांत दहा खऱ्या. कंट्रोल रूममधला माणूस तिसऱ्या दिवशी घंटा बंद करून ठेवील. उलट, कधीच घंटा न वाजवणारा प्रोग्राम याच आकडेवारीवर ९९.९९९ टक्के अचूक ठरतो! हे गणित स्वीडनच्या स्टेफान अॅक्सेलसन यांनी १९९९मध्येच मांडून ठेवलं आहे. म्हणून ९९.६चे ९९.८ करण्यात आणखी एक वर्ष घालू नका. आणि सरांवर रागावूही नका. २०२२मध्ये काही संशोधकांनी आदल्या दहा वर्षांत जगातल्या सर्वांत नावाजलेल्या सुरक्षा परिषदांत आलेले, मशीन लर्निंग वापरणारे ३० पेपर तपासले. प्रत्येकात अशा चुकांपैकी किमान तीन तरी सापडल्या. या वाटेने भले भले गेले आहेत.

विषय बदलू का, या प्रश्नाला माझं उत्तर असं: नेटवर्क सुरक्षा हे क्षेत्र ठेवा, प्रश्न बदला. आत्ता तुमचा प्रश्न आहे, "हल्ला ओळखणारा प्रोग्राम किती हल्ले ओळखतो?" त्याऐवजी विचारा, "हल्ला ओळखणारा हा प्रोग्राम, एक सॉफ्टवेअर म्हणून, कितपत बरा लिहिला आहे?" नेटवर्क सुरक्षा आणि सॉफ्टवेअरची गुणवत्ता या दोन वेगळ्या प्रयोगशाळा, दोन वेगळे विभाग अशी आपल्याकडे वाटणी झाली आहे. बाहेर घडणाऱ्या गोष्टी ही वाटणी मानत नाहीत.

मार्च २००४मध्ये विटी नावाचा वर्म (संगणकातून संगणकात आपणहून जाणारा घातक प्रोग्राम) पसरला. तो शिरला ब्लॅकआइस आणि रिअलसिक्युअर या, संगणकाचं रक्षण करण्यासाठीच मुद्दाम बसवलेल्या प्रोग्राममधून. हे प्रोग्राम नेटवर्कवरून जाणारी पॅकेट उघडून वाचत. आयसीक्यू या चॅटचं पॅकेट वाचणाऱ्या त्यांच्या कोडमध्ये लांबी नीट तपासलेली नव्हती. एक यूडीपी पॅकेट (आधी जोडणी न करता पाठवता येणारं) पुरलं. दोष जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी वर्म सुटला, सुमारे बारा हजार संगणक बाधले, आणि त्यांच्या डिस्कवर तो निरर्थक डेटा लिहीत सुटला. ज्यांनी संरक्षण घेतलं होतं तेच सापडले. ज्यांच्याकडे ते प्रोग्राम नव्हते त्यांना काहीही झालं नाही. मला ही घटना या विषयातली सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि आपल्या अभ्यासक्रमात ती क्वचितच दिसते.

१९ जुलै २०२४ तर तुम्हालाही आठवत असेल. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रोग्रामच्या एका अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तिथे हल्लेखोर कुणीच नव्हता. कंपनीने नंतर जे कारण प्रसिद्ध केलं ते टेस्टरने मुळातून वाचावं असं आहे. धोका ओळखायच्या नियमांचा साचा २१ रकान्यांचा होता, त्याला माहिती पुरवणारा कोड २० च रकाने देत होता. टेस्टिंगमध्ये हे दिसलं नाही, याचं एक कारण म्हणजे २१व्या रकान्यात प्रत्येक वेळी "काहीही चालेल" अशी खूण भरलेली होती, त्यामुळे तो रकाना कधी वाचलाच गेला नाही. ज्या दिवशी त्यात खरी अट आली, त्या दिवशी प्रोग्रामने नसलेल्या जागेवरून वाचायचा प्रयत्न केला. कंपनीत तुम्ही टेस्ट केस लिहिताना असे रकाने नक्की पाहिले असतील.

आता तुमच्या गावात काय करता येईल ते सांगते. बडोद्याला मकरपुऱ्याची जीआयडीसी आहे, नंदेसरीचे केमिकलचे कारखाने आहेत, कोयलीची रिफायनरी आहे. अशा उद्योगांत पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे संगणक), मीटर, सेन्सर एकमेकांशी ज्या भाषांत बोलतात त्यांतली सर्रास आढळणारी भाषा म्हणजे मॉडबस. १९७९मध्ये मोडिकॉन कंपनीने ती आणली. समोरचा कोण आहे हे विचारायची सोयच तिच्यात नाही. २०१८मध्ये सुरक्षित आवृत्ती आली, पण वीस वर्षं चालणारं यंत्र कुणी त्यासाठी बदलत नाही. म्हणून यंत्राच्या आधी पहारेकरी बसवतात: सुरिकाटा, झीक यांसारखा प्रोग्राम, जो मॉडबसचं प्रत्येक पॅकेट वाचून संशयास्पद वाटलं तर कळवतो.

मॉडबस टीसीपीचं (नेटवर्कवरून चालणाऱ्या मॉडबसचं) फंक्शन १६ घ्या. एकापेक्षा जास्त रजिस्टरमध्ये (यंत्रातल्या आकडे ठेवायच्या खणांत) एकदम आकडे लिहायचं हे काम. यात लांबी तीन ठिकाणी सांगितलेली असते. सुरुवातीच्या सात बाइटच्या शीर्षकात लांबीच्या रकान्यानंतर एकूण किती बाइट येतात ते असतं, पुढे किती रजिस्टर आहेत ते, आणि त्यानंतर लिहायच्या आकड्यांचे किती बाइट आहेत ते. दोन रजिस्टर लिहायची असतील तर बाइट चार, आणि शीर्षकातली लांबी अकरा. तीनही आकडे एकमेकांशी जुळायला हवेत. बाइट रजिस्टरांच्या दुप्पट नसतील तर यंत्राने चूक क्रमांक ३ परत पाठवावी, असं मॉडबसच्या तपशिलात स्पष्ट लिहिलं आहे.

आता टेस्टरचा प्रश्न विचारा. रजिस्टर तीन म्हटली आणि बाइट चारच ठेवले तर? शीर्षकात अकराऐवजी नऊ लिहिलं तर? एकाच टीसीपी तुकड्यात दोन पॅकेट चिकटून आली आणि पहिल्याची लांबी चुकलेली असली तर? तपशिलात उत्तर आहे, पण प्रत्येक प्रोग्रामने ते पाळलंय का? एकजण रजिस्टरांचा आकडा खरा मानेल, दुसरा बाइटचा, तिसरा शीर्षकाचा. पहारेकऱ्याने एक आकडा प्रमाण मानला आणि यंत्राने दुसरा, तर पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत घातक आज्ञा आत जाते आणि त्याच्या वहीत भलतीच नोंद होते. थॉमस टासेक आणि टिमथी न्यूशॅम यांनी १९९८मध्ये टीसीपी-आयपी या इंटरनेटच्या मूळ भाषांच्या पातळीवर नेमकं हेच दाखवलं: पहारेकरी आणि यंत्र एकच पॅकेट वेगवेगळं वाचतात, आणि त्या फटीतून माणूस निसटतो. आयपीच्या तुकड्यांबद्दल त्यानंतर पुष्कळ लिहिलं गेलं. कारखान्यातल्या भाषांबद्दल अजून पुष्कळ करण्यासारखं आहे, आणि तुमची जागा मला तिथे दिसते.

पद्धतही तुम्हाला ओळखीची वाटेल. तेच बाइट चार-पाच वाचकांना द्यायचे: सुरिकाटा, झीक, वायरशार्क हे पाहणारे, लिबमॉडबस, पायमॉडबस हे यंत्राच्या बाजूने वाचणारे. हे सगळे प्रोग्राम खुले आहेत, फुकट आहेत. प्रत्येकाने काय वाचलं ते एका साच्यात उतरवायचं आणि जिथे दोघांचं जुळत नाही तिथे थांबायचं. बरोबर उत्तर कोणतं हे आधी ठाऊक असावं लागत नाही, मतभेद दिसला की पुरे. त्यानंतर तपशील उघडून कोण चुकलं ते ठरवायचं. टेस्टिंगमध्ये अपेक्षित उत्तर कुठून आणायचं ही जी कायमची कटकट असते, ती इथे बरीच सुटते. बाइट तयार करायला फझिंग, म्हणजे प्रोग्रामला मुद्दाम बिघडलेली माहिती देत राहणं. १९८८मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर वादळी रात्री टेलिफोनच्या तारेवरून काम करत होते. तारेवरच्या खरखरीने अक्षरं बिघडत आणि प्रोग्राम कोसळत. त्यातून त्यांनी विद्यार्थ्यांना हा प्रयोग दिला. १९९०च्या पेपरात त्यांनी दाखवलं की युनिक्सच्या तपासलेल्या प्रोग्रामपैकी पाव ते एक तृतीयांश निव्वळ यादृच्छिक अक्षरांनी बंद पडतात. आज फझिंग करणारं एएफएल प्लस प्लस आणि मेमरीच्या चुका पकडणारं अॅड्रेस सॅनिटायझर यांच्या जोडीने हेच काम साध्या डेस्कटॉपवर होतं. महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून सांभाळा. २०१८मध्ये फझिंगवरचे ३२ पेपर तपासले गेले आणि प्रत्येकाच्या मोजमापात काही ना काही खोट निघाली. कुणी प्रयोग एकदाच चालवला, कुणी फार कमी वेळ, कुणी नुसते प्रोग्राम कोसळल्याचे आकडे मोजले आणि त्यामागे वेगळे बग किती ते पाहिलंच नाही. तुम्ही प्रत्येक प्रयोग चोवीस तास चालवा, अनेकदा चालवा, आणि फरक योगायोगाचा नाही हे संख्याशास्त्राने दाखवा.

याला जोडून एक पोटप्रश्न आहे, तो मला फार आवडतो. सुरिकाटा मुळात सी भाषेत लिहिलेला, पण २०१७पासून त्यात रस्ट भाषा आली आणि २०१९च्या पाचव्या आवृत्तीपासून ती अनिवार्य झाली. गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या वहीत) सगळा इतिहास पडला आहे. रस्टमध्ये मेमरीच्या चुका कमी होतात हे पुष्कळांनी सांगितलं आहे. पण तपशील चुकीचा समजून घेतल्यामुळे होणाऱ्या चुका, म्हणजे कोणता आकडा खरा मानायचा यातल्या, भाषा बदलल्याने कमी होतात का? माझा अंदाज आहे की फारशा होत नाहीत. तुम्ही मोजून सांगा, मी चुकत असेन तर तेही कळेल.

हे सगळं तुमच्या लॅबमध्ये, स्वतःच्या संगणकांवर, बाहेरच्या नेटवर्कपासून तोडून करायचं. ओळखीच्या कारखान्यात जाऊन मॉडबसच्या ५०२ पोर्टवर एक पॅकेटही पाठवायचं नाही, मालकाने चहा पाजून "करा हो" म्हटलं तरी. चालू प्लांटवरचं जुनं पीएलसी विचित्र पॅकेटने अडकून बसू शकतं, आणि पलीकडे व्हॉल्व्ह असतो, बॉयलर असतो, माणसं असतात. बग सापडले तर आधी त्या प्रोजेक्टच्या लोकांना खासगीत कळवा, दुरुस्तीला वेळ द्या, मग छापा.

पैसे भरून छापण्याला माझा साफ नकार आहे. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापून यायलाच हवा ही सक्ती काढून टाकली. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, ते पीएच.डी. विभागात जाऊन लेखी नियमावलीत बघा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने केअर ही मान्य नियतकालिकांची यादीही बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखायची जबाबदारी आता संस्थांवर आणि आपल्यावर आली आहे. आठवड्यात छापणारा कुणाकडूनही वाचून घेत नाही. तुमच्या कामासाठी आयसेक ही सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची आणि आयसीआयएसएस ही माहिती सुरक्षेची, अशा दोन भारतीय परिषदा योग्य आहेत. तिथून पेपर परत आला तरी शेऱ्यांतून शिकायला मिळतं.

घरच्यांना पदवीची घाई आहे, आणि त्यात काळजीच आहे. नोकरी, घर, रात्रीचे जागरण हे त्यांनी पाहिलं आहे. त्यांना सांगा की नव्या प्रश्नाने वेळ वाचणार आहे, कारण हे काम तुम्हाला येतं. "विषय बदलतेय" हे शब्द घरी उच्चारू नका. ते खरंही नाही.

राहिले सर. मला वाटतं तुमची खरी भीती तिथे आहे, आणि पत्रात तुम्ही ती सर्वांत कमी शब्दांत लिहिली आहे. त्यांच्याकडे "हा विषय जुना झाला" असं म्हणत जाऊ नका. आधी तीन-चार आठवडे घ्या. फंक्शन १६ एवढंच धरा, लिबमॉडबस आणि सुरिकाटा एवढेच वाचक, आणि हाताने लिहिलेली चाळीस-पन्नास बिघडलेली पॅकेट. जुळलं कुठे, फाटलं कुठे, याचा एक तक्ता करा. एका पानावर तक्ता, त्याखाली विटीची घटना चार ओळींत, त्याखाली रीव्ह्यूअरचा शेरा जसाच्या तसा. मग म्हणा, "सर, रीव्ह्यूअरला उत्तर द्यायला असं काही करून पाहिलं. आपलं शीर्षक 'नेटवर्कवरील हल्ले ओळखणं' हेच राहील, उपशीर्षक बदललं तर चालेल का?" नोंदणीचं शीर्षक राहिलं की समितीपुढे नव्याने जायची दगदग बहुधा टळते आणि सरांनाही ते सोपं जातं. केलेलं मॉडेलचं काम टाकू नका. त्याचं एक प्रकरण होईल: जुन्या संचावर ९९.६ टक्के आणणारं मॉडेल खऱ्या प्रमाणात हल्ले मिसळले की किती खोट्या घंटा देतं, याचं प्रामाणिक मोजमाप. त्यात सरांनी सुचवलेल्या मॉडेललाही जागा आहे.

सरांनी तरीही नाही म्हटलं, तर विभागातून सह-मार्गदर्शक घेता येतो. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवणारं कुणीतरी बघा. पण तो तक्ता समोर ठेवल्यावर बहुतेक गाइड आधी एवढंच विचारतात, "हा तिसऱ्या ओळीतला फरक कसा काय आला?" त्याचं उत्तर तयारीत ठेवून जा.